आत्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका

अण्णा, आत्याच्या नावापुढं मी काय लिहायला हवं होतं? आठवडाभर विचार करतेय, मला उत्तर येत नाही. तुम्हाला आलं असतं. पण तुम्ही कधी काही लिहून ठेवलं नाही, काही समजावलं नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

तुम्ही वारल्यापासून नागपंचमीला तुमच्या बहिणीला, आत्याला, माहेरी आणायला काका जायचे. यंदा त्यांचे गुडघे धरले, तेव्हा मी म्हटलं, माझ्यावर सोडा. घरात शिकलेली मी एकटी. सगळ्या नातेवाइकांची यादी मी मोबाईलमधल्या एका ॲपमध्ये केली होती. फोन, गाव, वाढदिवस, शेवटचं बोलणं कधी झालं. कुणी सुटू नये, एवढंच मनात होतं. ज्याच्याशी बोलणं चालू असतं त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका येतो. आत्याचा कायम हिरवा. तिचा वाढदिवस आधार कार्डावरचा, एक जानेवारी, कुणीतरी अंदाजानं टाकलेला. त्या दिवशी मी केकचं चित्र पाठवलं तर तिचा फोन आला, "काय गं, कुणाचा वाढदिवस हाय?" मी हसले होते. तेव्हाच कळायला हवं होतं.

पंचमीचं बोलावणं मी तसंच पाठवलं, झोक्याच्या चित्रासकट. तिनं जोडलेले हात पाठवले. आली मात्र नाही. आपल्या लिंबाच्या झोक्यावर दिवसभर शेजारच्या पोरी बसल्या. संध्याकाळी मी चिडून फोन लावला. "मेसेज बघितला होतास ना?"

"बघितला की. सासूला बी दाखवला. ती म्हनली, बोलावणं मोबाईलमधून आलंय, मंग मोबाईलमधूनच जाऊन ये माहेरी." मग हळू आवाजात, "हिला आता कुनी न्यायला येत न्हाई, असं झालंय गल्लीत."

फोन ठेवून मी ॲप उघडलं. ठिपका हिरवाच. मोबाईल भिंतीवर फेकावासा वाटला.

मी सातवीत असेन, तुम्ही मला बरोबर नेलं होतं. चुडाव्याला आत्याच्या अंगणात तुम्ही बाजेवर बसलाय, चपला चिखलानं भरल्यात, आणि तिची सासू म्हणतेय, "आलाव का पावणं? वाटलं इसरलाव."

"इसरलो असतो तर एवढ्या चिखलात कशाला आलो असतो?"

आत्या दोन तास आवरतच होती. मी कंटाळून विचारलं, तिला रस्ता माहीत नाही का? तुम्ही सगळ्यांसमोर दटावलंत. "गप बस. रस्ता तिला म्हाईत हाय. तिच्या मागं कोन हाय, ते हितल्यांना म्हाईत पाहिजे."

मला ते अजून पटत नाही. पन्नाशीच्या बाईनं स्वतः गाडीत बसून माहेरी का येऊ नये? पण माझ्या न पटण्यासाठी टोमणे तिनं का खायचे?

पंचमी होऊन गेली होती, तरी काल मी तिला आणायला निघाले तर आई म्हणाली, "पोरी कुठं मुराळी जात असत्यात का? न्यायला भाऊ न्हाई तर भाचा जातो." मी गंगाखेडला गाडीत बसले. चुडाव्यात सासूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आता पोरगी आली व्हय न्यायला?"

"आले. दरवर्षी येणार."

आत्यानं मलाही दोन तास बसवलं. दाराआड तिची पिशवी भरून ठेवलेली मला दिसत होती. हे पत्र वहीतच राहणार, म्हणून सांगते, त्या दोन तासांत मी सवयीनं दोनदा ते ॲप उघडून ठिपका बघितला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, आणि मी तिचं नाव त्या यादीतून काढून टाकलं.