अण्णांचे राहिलेले डोळे

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६, घाटकोपर

आज अण्णांचा दहावा. पिंडाला कावळा शिवेना. दादा वचनं देत सुटला, आईला सांभाळेन, गावचं घर बांधेन. कावळे ढिम्म. मी म्हटलं, "दादा, त्यांचे डोळे द्यायचे राहिले रे." सगळ्यांदेखत त्याने तोंडावर बुक्की हाणली. ओठ फुटला.

अण्णांनी नेत्रदानाचा फॉर्म भरलेला. ते गेले त्या दिवशी डोळे न्यायला डॉक्टर आला, तर दादाने कॉलर धरून त्याला जिन्यावरून ढकललं. "पुढच्या जन्मी आंधळा येईल माझा बाप!" मी शेजारीच उभा होतो. गप्प. का? माराला भ्यालो?

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

ओठ ठणकतोय. हा दहा दिवसांपूर्वीच फुटायला हवा होता.