निळीची दुरुस्ती

३ जानेवारी

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

सोबतचा डबा जपून उघडा. आत बिस्किटं नाहीत, हिरमुसू नका. ह्यांची निळी आहे. होय, तीच, ट्रॅकच्या खाचेतून विजेवर पळणारी वीतभर लांबीची गाडी, जिच्यावर नऊ वर्षांपूर्वी तुम्ही बसलात. माळ्यावर जुन्या सुटकेसमागे सापडली.

हे रिटायर होऊन चार महिने झाले आणि मला वेड लागायची पाळी आली आहे. माझ्या मागे दिवे बंद करत फिरतात. काल माझ्या शिवणाच्या दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावून ठेवली, आता मला हवा तो दोरा मिळेल तर शपथ. पूर्वी हा माणूस दर रविवारी क्लबच्या लंबगोल ट्रॅकवर जायचा आणि शिट्टी वाजवत घरी यायचा. निळी मोडली, शिट्टीही गेली.

२ फेब्रुवारीला क्लबात जुन्या गाड्यांची शर्यत आहे. ह्यांना न विचारता मी नाव देऊन टाकलंय. तुम्ही रोज चष्म्यांच्या एवढ्याशा स्क्रूंशी झटापट करता, तेव्हा गाडी तुम्हीच नीट करायची. ह्यांच्याजवळ अवाक्षर काढू नका.

लोभ आहेच, गाडी वेळेत आली तर वाढेलही.

तुमची वहिनी

११ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

डबा उघडला आणि मी तिच्यावर बसलो तो दिवस आठवला. त्या दिवशी दादा मला एक शब्द बोलला नाही. दोन धपाटे घातले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी तुमच्याकडे येतो, जेवतो, पण क्लबाचा विषय निघाला की हात धुवायला उठतो. तुमच्या ते लक्षात आलंच असणार.

वरचं कवच तीन ठिकाणी तडकलंय, ते आतून चिकटवलं. मोटर साफ केली, झकास फिरते. पण वहिनी, मी तिची काय दशा केली होती! खालचा सगळा सांगाडा डावीकडे सरकलेला. डाव्या बाजूला शिशाचा तुकडाही चिकटवलेला. बिचाऱ्या दादाने तोल सावरायची खटपट केली असणार आणि शेवटी नाद सोडला असणार. मला फार वाईट वाटलं.

पण काळजी नको. चष्म्याची काडी सरळ करायची तसा मी सांगाडा मोजून मोजून मधोमध आणलाय आणि शिसं काढून टाकलंय. पट्टी लावून बघा, केसभर फरक सापडणार नाही. वहिनी, ती शर्यतीत पळायलाच हवी. तरच मला दादासमोर ताठ उभं राहता येईल.

माया असू द्यावी, माझ्या लायकीपेक्षा जरा जास्तच.

तुमचा धाकटा दीर

२० जानेवारी

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

गाडी मिळाली. इतकी देखणी की मी गुपचूप क्लबात नेऊन सेक्रेटरींना पळवायला दिली. पहिल्याच वळणाला खाच सोडून उडाली ती थेट चहाच्या ट्रेमध्ये! दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

शेवटी जेवताना मी ह्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं की अशा गाड्या वळणाला उडतात कशाने. अहो, हा माणूस चार महिन्यांत पहिल्यांदा ताटातून डोकं वर काढून बोलला! चमचे मांडून अर्धा तास शिकवलं. लंबगोल ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडचीच, म्हणून वजन डावीकडेच हवं. निळीचा सांगाडा म्हणे ह्यांनी मुद्दाम डावीकडे घेतला होता, शिसंसुद्धा मोजून लावलं होतं. सहा महिने लागले होते त्याला. आणि ते तुम्ही एका दुपारी नीटनेटकं करून टाकलंत, धन्य तुमची! तुम्ही बसलात तेव्हा फक्त कवच तडकलं होतं, भाऊजी. बाकी काही मोडलंच नव्हतं.

मग माझ्याच्याने राहवेना, मी सगळं सांगून टाकलं. इतकंच होतं तर पळवणं का सोडलंत, असंही विचारलं. ह्यांनी मांडलेले चमचे गोळा केले. मग म्हणाले, धाकटा यायचा बंद झाला, उडालेली गाडी परत खाचेत लावायला तोच लागायचा. त्याला कंटाळा आला असेल म्हणून मीही आग्रह केला नाही. तुम्हा दोघांनाही एकाच कोपऱ्यात उभं करायला हवं होतं मी.

आता शिसं घेऊन लगेच निघा. फेकलं असेल तर मला तोंड दाखवू नका.

तुमची वहिनी

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

घरी नीट पोचला असशील. काल आपण आठांत सातवे आलो. आठव्याची मोटर जळाली होती, हे कुठे बोलू नकोस.

शिसं तू जरा पुढे चिकटवलं होतंस, मी आज मागे घेतलं. गाडी पाच वेळा उडाली आणि पाचही वेळा मी बघायच्या आत तू ती खाचेत लावलीस. तुझी बोटं काही विसरलेली नाहीत. त्या लांबच्या वळणावर तू उभा दिसलास तेव्हा मी हातातला वेगाचा चाप दाबायचाच विसरलो, म्हणून पहिली फेरी वाया गेली. खापर तुझ्यावर. मला फार फार आनंद झाला रे.

कवचाच्या तड्यांवर रंग द्यायचा नाही. असू देत. तुझी वहिनी म्हणते मी सकाळपासून शिट्टी वाजवतोय, मला तर काही ऐकू येत नाही.

येत्या रविवारी साडेनऊला ये. निळीचा डबा आता तुझ्या वहिनीने दोऱ्यांच्या रिळांना घेतलाय, तेव्हा गाडी परत त्यात घालायची सोय राहिलेली नाही.

तुझा,
दादा