मायच्या बांगड्यांचं तोरण

भुसावळ, १० फेब्रुवारी १९७४

माय,

तुझ्या चांगुणाचा कुरुंद्यापर्यंत ऐकू जाईल असा जयभीम. शेषरावदादानं पत्र हळू वाचून दाखवावं.

आमाला रेल्वेचं क्वार्टर मिळालं. दोन खोल्या हायेत, पण भिंती कोऱ्या. जुन्या लुगड्याचा पडदा केला अन् दाराला बांगड्यांच्या तुकड्यांचं तोरण. चिमणीच्या जाळावर एकेक तुकडा वाकवून कडीत कडी गुंफली. बोटं जराशी भाजली, आता बरी हायेत.

हळद शिजवायला अजून जातीस का? गुडघे कसे हायेत?

तू निरोप धाडलास की पांढऱ्या कपाळाच्या बाईनं लेकीच्या नव्या घरात काहून यावं. आता खरं सांगते, रागावू नको. बाबा गेले तवा बायांनी तुझ्या हिरव्या बांगड्या फोडल्या. ते तुकडे मी गुपचूप पदरात बांधून आणले होते. तोरण त्यांचंच हाय. शेजारीण म्हणाली, असले तुकडे दाराला लावत न्हाईत. मी म्हणलं, याच बांगड्यांच्या हातानं मला न्हाऊ घातलं.

बांगड्या तर आधीच येऊन पोचल्या, माय. आता त्यांचे हात येऊ दे.

तुझी वाट पाहून राहिलेली,
चांगुणा