आबांच्या नावाची सही

आबा, परवा गावात तुमच्या पुतळ्याला नवा रंग दिला. मुलगी म्हणून मलाही बोलावणं होतं, मी गेले नाही. पुतळ्याच्या हातात म्हणे लेखणी आहे. मला हसूच आलं. आमदार झाल्यावर तुम्ही लेखणी धरलीत कधी? लग्नांचे आशीर्वाद, शाळांना शुभेच्छा, कलेक्टरला विनंत्या, सगळं लिहायची मी. पुढं पुढं तर सहीसुद्धा मीच ठोकायची. "तुझीच बरी येते गं," म्हणत तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचात.

बेचाळीसला तुम्ही फरारी होतात, तेव्हा आटपाडीकडच्या एका मेंढक्यानं तुम्हाला दोन महिने सांभाळलं. स्वतःचं घोंगडं तुमच्या अंगावर घालून कळपाबरोबर रानोरान फिरवलं. पोलिसांना तुम्ही सापडला नाहीत, तो सापडला, आणि त्याच्यावर दरोड्याचं कलम लागलं. पुढं तुम्ही हार घालून मिरवलात, शेचाळीसात निवडून आलात. राजकीय कैदी सुटले. हा मात्र दरोडेखोर म्हणून आतच. "हा आमचा माणूस, दरोडेखोर नव्हे," एवढं तुमच्या सहीचं एक पत्र गेलं असतं, तर त्याचा विचार झाला असता.

त्याची बायको दर बाजाराला यायची. अजून दिसते मला. ओसरीच्या पायरीखाली बसलीय, वर ये म्हटलं तरी येत नाही. तुम्ही धोतराचा सोगा सावरत बाहेर येता.

"आवं, तुमी म्हनला तर सोडत्यात म्हनं. लय नगं, दोन वळी लिवा."

"व्हय व्हय, लिहितो की. या खेपेला मुंबईत मंत्र्यांच्याच कानावर घालतो."

ती वळली की मला म्हणायचात, "दरोडेखोरांची तरफदारी केली म्हणून बोंब मारतील विरोधक. जरा दमानं घेऊ." दमानं! मंत्रिपदाकडं डोळे लावून बसला होतात, दुसरं काय? तेही मिळालं नाही. सगळ्या मुदतीत विधानसभेत एक प्रश्न विचारलात, तोही आपल्या दारातल्या रस्त्याचा. मी ते पत्र लिहून तुमच्यापुढं ठेवलं, तर तुम्ही त्याच्यावर पानाचा डबा ठेवलात. त्या दिवसापासून मला तुमची किळस यायला लागली, आबा. स्पष्टच सांगते.

मग एका बाजाराला ती आली ती मोकळ्या कपाळानं. तुम्ही खिडकीतनं पाहिलंत आणि मला म्हणालात, "झोपलेत म्हणून सांग." मी सांगितलं.

"ऱ्हाऊ दे, उठवू नगंस. आता लिवायचं काय न्हाई, पोरी. आतच गेला त्यो."

मी पायरीवर ठेवलेलं पाणीसुद्धा तिनं घेतलं नाही.

आयुष्यभर मी तुम्हाला भेकड म्हणत आले, मनात आणि लोकांतही. आज हे लिहिलं. ते जुनं पत्र माझ्या पेटीत आहे, हेही त्याच्याच शेजारी ठेवते. कुठं धाडणार? फक्त एक राहिलं. तुमच्या डब्याखालनं उचललेलं ते पत्र, तो जिवंत असताना, महिनाभर माझ्या टेबलावर होतं. त्याच महिन्यात तुमच्या नावानं लग्नांचे कितीतरी आशीर्वाद मी सही ठोकून पाठवले. कुणाला कधी शंका आली नाही. त्या पत्रावरही करता आली असती. केली नाही. तुम्ही रागवाल म्हणून.