निलासची जनावरं किती?

२ जानेवारी, मेहरूण, जळगाव
निलासकडे रेनडिअर आहेत, हे नक्की. भूमिकाने नॉर्वेहून सांगितले, तिची आई मंदा हिने तीनदा विचारून खात्री केली. किती, ते कोणी बोलत नाही.
मुलगी इंजिनिअर. मुलगा सामी जमातीचा, म्हणजे तिकडचा पिढीजात रेनडिअरवाला. मला न विचारता पसंत केला. मी होकार दिलेला नाही. फेब्रुवारीत जाऊन स्थळ बघणार, मग ठरवणार. पारोळा तालुक्यात तीन पशुगणना केल्यात मी. दावणीची जनावरं मोजली की घर कळतं.

१९ जानेवारी, सकाळी ६
थंडीचा सराव सुरू. नुसत्या बनियनवर तलावाला पूर्ण चक्कर मारणार. तापमान नऊ.

सकाळी ६.२०
घरी. वाटेत शेजारचे रतिलालभाऊ भेटले. शर्ट कोणी पळवला का, असे विचारले. दात वाजत होते.

२० जानेवारी
सर्दी. सराव पुरेसा झाला.

७ फेब्रुवारी, ट्रॉम्सो
उणे चौदा. विमानतळावर निलास वाकून पाया पडला. कोणी शिकवले ते उघड आहे. विरघळलो नाही. त्याने आणलेला जाड कोट घातला, पण त्याला होकार समजू नये.

८ फेब्रुवारी, कॅम्प
उंच तंबू, मधोमध शेकोटी, खाली रेनडिअरची कातडी. निलासची आई मारेत हिला मंदाने जळगावहून आणलेला ठेचा दिला. तिच्या डोळ्यांना धार लागली, तरी पुन्हा मागितला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण हसणे थांबत नाही. बोलणी सुरू होण्याआधीच आपली बाजू ढिली पडली.
मी मुद्द्यावर आलो. भूमिकाला म्हटले, विचार, जनावरं किती. ती नाही म्हणाली. मग मीच इंग्रजीत विचारले. मारेतचे हसणे थांबले.
भूमिका म्हणाली, आबा, इथे असं विचारणं म्हणजे बँकेत किती आहेत असं विचारणं. म्हटले, मलाही तेच विचारायचं आहे. मंदा म्हणाली, तुमी मन्हं नाक कापी टाकं.
आपल्याकडे शेती किती, गुरं किती, हे चहाच्या आधी विचारतात. इथे चहा झाल्यावर विचारले, तरी राग.

९ फेब्रुवारी
न विचारता मोजणार. कुंपणाशी उभा राहिलो. जनावरं गोलगोल फिरत राहतात. पहिली मोजणी २१२. दुसरी ३४०. तिसरीला पेन गोठले.
उपाय सापडला. एकाच्या शिंगाला मफलर बांधायचा, तो परत समोर आला की फेरी पूर्ण. फाटक उघडून आत गेलो.

दुपारी
मफलर बांधला गेला नाही. मी आडवा पडलो. फाटक लावायचे राहिले असावे.
बरीचशी जनावरं डोंगराकडे गेली. बरीचशी म्हणजे किती, हे सांगण्याच्या स्थितीत मी नव्हतो. निलास आणि मारेत बर्फावरच्या स्कूटरने मागे गेले. मंदा जवळ आली नाही. भूमिका रडत होती. माझ्याकडे पाहून नाही, डोंगराकडे पाहून.

संध्याकाळी
आले. निलासच्या भुवयांवर बर्फ. आधी माझी बोटं पाहिली, मग स्वतःचे हातमोजे काढून मला दिले. विचारले, सगळी आली का. हो म्हणाला. पुढचा प्रश्न ओठांवर होता. मंदाने पाहिले. गिळला.

१० फेब्रुवारी
भूमिका शेकोटीजवळ बसली. म्हणाली, आबा, दोन वर्षं या घरात जाते-येते, मी एकदाही आकडा विचारला नाही. आणि तुम्ही इतक्या लांब आलात, मी सुखात आहे का, एवढंच नाही विचारलं.
पशुगणनेच्या फॉर्मात तो रकानाच नसतो. तसे सांगितले. ती उठली नाही, वाट पाहत राहिली.
शेवटी विचारले. हो म्हणाली. खरेच असावे. लहानपणी खोटे बोलताना नाक खाजवायची. हात गुडघ्यावरच होते.

११ फेब्रुवारी
निर्णय मी राखून ठेवला आहे. घाई करणार नाही.
दरम्यान मंदा आणि मारेतने बोटांवर मोजून ईस्टरची तारीख ठरवली. निलासच्या मामांना फोन गेले. जळगावचा स्वागत समारंभही ठरला. हॉल कुठला, मला माहीत नाही.
मात्र मुलीच्या बापाचा होकार लागतोच, हे सर्वांनी मान्य केले. तो मी उद्या सकाळी दहाला देणार आहे. वेळ मंदाने कळवली. काय बोलायचे, त्या चार ओळी भूमिका लिहून देणार आहे. त्यांत एकही प्रश्न नसेल.