गच्चीवरची पहिली दोरी

८ जानेवारी

चि. ठकू हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण असं, की काल फोनवर तू बोललीस त्यातलं अर्धं मला ऐकू आलं आणि उरलेलं मी मनाने रचलं. त्याप्रमाणे तू कॉलेजातलं शिकवणं सोडून बेकरी काढते आहेस. खरं असेल तर बिस्किटं पाठव, नसेल तर यापुढे पत्रच लिहीत जा. एक कान होता बरा, तोही हल्ली पाहुण्यासारखा येतो-जातो.

इथे जरा बिनसलंय. माझ्या शेजारच्या घरात एक शिवणबाई राहायला आल्या आहेत. गिऱ्हाइकांचं कोरं कापड शिवण्याआधी भिजवून वाळवावं लागतं. त्या गच्चीवर गेल्या आणि मोकळी दिसली त्या दोरीवर कापड घालून आल्या. ती दोरी समोरच्या इमारतीतल्या हेडबाईंची! गच्ची दोन्ही इमारतींना मिळून एकच, आमच्या इमारतीवरची, आणि ऊन सगळ्यात आधी त्या पहिल्या दोरीवर येतं. तिच्यावर नाव नाही, पाटी नाही, पण इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाचा हातरुमालही तिथे पडला नव्हता. शाळा सुटून हेडबाईंना किती वर्षं झाली, पण त्या खोकल्या की अजून सगळे गप्प होतात.

तेव्हापासून जे बिघडतं ते शिवणबाईंमुळे. टाकीच्या पाण्याला वास आला, त्यांच्यामुळे. जिन्यातला दिवा गेला, त्यांच्यामुळे. दातवाल्या डॉक्टरांच्या नातवाला ताप आला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ही बया आल्यापासून घराला काही धड नाही हो. डॉक्टरांच्या घरात ही भाषा! पण खरं सांगू का, त्यांची अनोळखी गिऱ्हाइकं जिना चढतात ती मला ऐकू येत नाहीत, एकदम दारातच दिसतात. मीही साखळी लावायला लागले आहे.

माझी काळजी नको. आमची पडद्याची रीत चालू आहे. एकट्या बाईने उठल्यावर स्वयंपाकघराचा पडदा सरकवायचा आणि समोरचीने तो बघायचा. माझा हेडबाई बघतात, त्यांचा मी. किल्ल्याही एकमेकींकडे आहेत. गेल्या थंडीत मी चक्कर येऊन पडले तेव्हा पडदा बंद दिसला म्हणून त्याच धावत आल्या होत्या, हे विसरायचं नाही.

पाठीला जप. माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई

१५ जानेवारी

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

बेकरी नाही गं, परीक्षा. भाजून निघतो ते मात्र आम्हीच.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, रागावू नकोस. वर्षभर समाजशास्त्र शिकवून जे मुलांच्या डोक्यात शिरत नाही ते तुझ्या दोरीने शिरलं. ताई, चार माणसं रोज भेटायला लागली की त्यांच्यात एक पाचवं येऊन बसतं. ते कुणाला दिसत नाही आणि ऐकतात सगळे त्याचंच. आपल्या कॉन्व्हेंटमध्ये पियानोच्या खोलीसमोरून जाताना सगळ्या मुली चवड्यांवर चालायच्या, आठवतं? आत कुणी नसलं तरी. कुठल्याही सिस्टरने तसं सांगितलं नव्हतं. मी पहिल्या दिवशी तुझं बघून चालले, आणि माझं बघून बाकीच्या.

तुमच्या शिवणबाईंनी फक्त दोरी वापरली. पण घाबरलेल्या घोळक्याला भीती ठेवायला एक खुंटी लागते, ती त्यांना मिळाली. आता टाकी, दिवा, ताप, सगळं त्याच खुंटीवर.

मी मुलांना एक गृहपाठ देते: वर्गात दुसऱ्याच्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसा आणि काय होतं ते बघा. तूही कर ना. एक दिवस तुझी चादर हेडबाईंच्या दोरीवर घाल. तू सगळ्यांची लाडकी, तुला कोण काय बोलणार? हसतील, शिवणबाईंचा अपराध हलका होईल, आणि मला पुढच्या तासाला गोष्ट मिळेल.

गोळ्या वेळेवर घे. लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझी ठकू

२४ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझा गृहपाठ केला. आईची जांभळ्या कडेची चादर पहिल्या दोरीवर घातली, आणि शाळेत खोडी काढल्यासारखी एकटीच हसत खाली आले.

दुपारी दार उघडलं तर चादर उंबऱ्यात. ओलीच, पण इस्त्रीच्या कपड्यासारखी चौकोनी घडी घातलेली. वर चिमटे ओळीने लावलेले.

कुणी काही बोललं नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी खाली बाकावर गेले तर बोलणं थांबलं, आणि डॉक्टरीणबाईंनी विणकाम मांडीवरून उचलून माझ्या जागेवर ठेवलं. तुला माहीत आहे, माझ्याशी सगळे आवाज चढवून बोलतात. आता कुणी चढवत नाही. मला वाटलं, कानच गेले. घरी येऊन ताटली ओट्यावर आपटून बघितली. ऐकू आली.

हेडबाईंनी माझी किल्ली दाराखालून आत सरकवली आहे, त्यांची मात्र अजून माझ्याकडेच आहे. त्यांच्या खिडकीच्या खालच्या काचांना आता कागद चिकटवलाय. कागदाच्या वरून त्यांचा पडदा मला दिसतो, पण तिथून त्यांना मी दिसणार नाही. शिवणबाई भल्या आहेत, परवा स्वतःहून नमस्कार केला. पण त्या माझ्याच बाजूला राहतात, त्यांना माझी खिडकी कशी दिसणार?

मी रोज पडदा उघडते, सवयीने. पण ठकू, आता तो बघायला कुणी नाही. आंघोळीला जाताना मी भिंत धरून जाते.

तुझी ताई

२८ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

माझीच अक्कल गहाण पडली होती. तू लाडकी आहेस म्हणून काही होणार नाही असं मी लिहिलं. पण परक्याने नियम मोडला तर त्याला कळलं नाही असं म्हणता येतं, आपल्यातल्याने मोडला तर तो नियम साऱ्यांनी मिळून धरलेला होता हे उघडं पडतं, आणि ते कुणाला नको असतं. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलंय. फळ्यावर कुणाला चक्कर येत नाही.

तू हेडबाईंकडे जा. बहीण वेडी आहे, तिने करायला लावलं म्हणून सांग. माझ्या नावाने हव्या तेवढ्या शिव्या घाल. परीक्षा संपल्याशिवाय मला इथून हलता येत नाही. तोवर दाराची साखळी काढून ठेव, तुझ्या पाया पडते.

तुझी ठकू

४ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

मी ठीक आहे, हे आधी लिहिते.

हेडबाईंकडे गेले होते, दार उघडलं नाही. आणि काल सकाळी त्यांचा पडदाच उघडला नाही. त्या शिस्तीच्या बाई, सूर्य उशिरा येईल पण त्यांचा पडदा नाही. मी माझ्या खिडकीत उभी. वर-खाली सगळ्या खिडक्यांत माणसं होती. डॉक्टरीणबाई कुंडीला पाणी घालत होत्या, कुंडी भरून वाहायला लागली तरी घालतच होत्या. प्रत्येकजण त्या पडद्याकडे बघायचा, मग दुसऱ्याकडे, आणि दुसरा स्वस्थ आहे म्हणून आपणही स्वस्थ.

मी का नाही लगेच गेले? भीती वाटली गं. त्या नुसत्या झोपल्या असतील तर माझं हसं, आणि नसतील तर? वाळीत टाकलेल्या बाईने किल्ली लावून आत जायचं? पण मग वाटलं, उद्या माझा पडदा बंद राहिला तर याच खिडक्यांतून ही माणसं अशीच उभी राहतील.

मी शिवणबाईंचं दार वाजवलं. त्या तोंडात टाचण्या धरूनच आल्या. आम्ही दोघी अंगण ओलांडून गेलो, मी माझ्याकडची किल्ली लावली. हेडबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. जिवंत, पण तोंड एका बाजूला ओढलेलं. शिवणबाईंनी मशीनच्या स्टुलावरची छोटी गादी आणून त्यांच्या मानेखाली घातली. हेडबाईंनी माझा हात धरला तो रुग्णवाहिका येईपर्यंत सोडला नाही.

खाली सगळे जमले होते. डॉक्टरीणबाईंनी चादरीनंतर पहिल्यांदा आवाज चढवला, अगदी मला ऐकू येईल असा. म्हणाल्या, तुम्हालाच बरं कळलं? आणि मागून कुणीतरी विचारलं की त्यांची किल्ली हिच्याकडे कशी.

ठकू, माझ्याकडे त्यांची किल्ली आहे हे साऱ्यांना ठाऊक आहे. पडदाही साऱ्यांनी पाहिला होता.

तुझी ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

तुला ठाऊक होतं असं मानलं, तर त्यांना ठाऊक नव्हतं असं मानता येतं. म्हणून तो प्रश्न. तुझ्यावर त्यांचा राग नाही, स्वतःची भीती आहे, आणि रागापेक्षा ती वाईट. कुणाला काही समजावायला जाऊ नकोस. मी येतेच आहे. पुस्तकं आणणार नाही.

तुझी ठकू

१७ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

तू येणार म्हणून चादरी धुऊन उन्हात घातल्या. कुठे, ते ऐक.

शिवणबाईंनी त्यांच्या बाल्कनीपासून माझ्या बाल्कनीपर्यंत दोरी बांधली आहे, दोन्हीकडे कप्पी लावून. दार वाजवलेलं मला ऐकू येत नाही, खिडकी त्यांना दिसत नाही, म्हणून ही युक्ती. उठलं की मी दोरी ओढायची, मग त्यांनी ओढायची. मी म्हटलं की लोक विचारतील ही कुणाच्या परवानगीने, तर त्या म्हणाल्या, विचारू देत की, तेवढंच आपल्याशी बोलतील!

अजून कुणी विचारलेलं नाही. पण समोरच्या वरच्या मजल्यावरचा पडदा हल्ली मी दिसले की थोडा हलतो आणि पुन्हा पडतो. मी बरी आहे ना हे कुणी बघतं, की मी काय करते हे बघतं, समजत नाही. पूर्वी मी असा विचार केला नसता.

आज सकाळी दोरी ओढली. पलीकडून ओढ आली नाही. मी कठड्याला धरून उभी राहिले. पुन्हा ओढली. ओले कपडे नुसते हलले. हाक मारावी तर उत्तर मला ऐकू येणार नाही. मी दाराकडे वळणार, इतक्यात हातात हिसका बसला, गळाला मासा लागावा तसा. बाई टाचणी शोधत होत्या म्हणे! मी त्यांना आयुष्यात कुणाला बोलले नसेन तेवढं बोलले. त्या हसत होत्या.

हेडबाई परवा घरी आल्या. वाचा गेली आहे. आज त्यांच्या भाचीने पडदा सरकवला, काचेवरचा कागदही काढला. त्या खुर्चीत होत्या. बराच वेळ आमच्या दोरीकडे बघत राहिल्या, मग चांगला होता तो हात उचलला. तो मला होता, की दोरी तिथून काढा म्हणून होता, कळलं नाही.

मी हात हलवला.

ये लवकर. आल्यावर साखळी नसेल, दार ढकल.

तुझी वाट बघणारी,
ताई