मोरीतून सुटणारी मालगाडी

आदरणीय साडूभाऊंना धाकट्या साडूचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर सध्या वाकत नाही. कारण पुढे येईलच.) आपली प्रकृती, ताईंचे गुडघे आणि आपल्या दातांच्या दवाखान्यातली ती कुरकुरणारी खुर्ची, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. निदान पत्रात तसं लिहायची पद्धत आहे.

येत्या रविवारी बाबांना न्यायला येतो, हे आपलं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. सासऱ्यांनी सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने तुमच्याकडे राहावं, हे दोघी बहिणींनी आपसात ठरवलं आणि आपल्या दोघांना नुसतं कळवलं. माझी काही तक्रार नाही. पण आपण नेमकं काय घेऊन जाणार आहात ते आधी कानावर घातलेलं बरं, नाहीतर उद्या आपण म्हणाल की या भूगोलाच्या मास्तरानं माझ्या गळ्यात काहीतरी मारलं.

सगळं सुरू झालं विजेच्या बिलापासून. इथल्या पावसाळी हवेत बाहेर दोरीवर कपडे टाकले की ते आधीपेक्षा ओले होतात, म्हणून आमच्याकडे गरम हवेचा मोठा ड्रायर आहे आणि तो मीटरला सळो की पळो करून सोडतो. या वेळचं बिल पाहून आपल्या मेव्हणीनं ते एक अक्षर न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. (ती बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं, हे आपल्याला घरच्या अनुभवानं ठाऊक असेलच. बहिणीच त्या.) मग मी चौकशा केल्या आणि एक स्पिनर आणला. वेगळा, सुटा, कमरेइतका उंच, गोल. हा कपडे तापवत बिपवत नाही, नुसता गरागरा फिरवून पिळतो. खालच्या चोचीतून पाणी परातीत पडतं, आणि कपडे इतके कोरडे निघतात की मोठ्या ड्रायरला मग जेमतेम ऊब द्यायची राहते. वीज म्हणाल तर नावाला. यंत्र मी स्वतः जोडलं. खोक्यात एक रबरी पाय उरला, तो कंपनीनं मोठ्या मनानं जादा दिला असेल असं समजून मी चमच्यांच्या खणात टाकला.

पहिल्यांदा त्यात पलंगपोस घातला आणि बटण दाबलं. साडूभाऊ, यंत्र चालायला लागलं. म्हणजे सुरू झालं असं नव्हे, चालायला लागलं! मोरीचा उंबरा त्यानं एका उडीत ओलांडला आणि ते स्वयंपाकघराच्या दिशेनं निघालं. मी धावत जाऊन मिठी मारली. माझा चष्मा उडाला, दातावर दात आपटायला लागले (वरची एक दाढ हलते आहे, भेटीत दाखवतो) आणि कमरेत जे काही सटकलं ते अजून जागेवर आलेलं नाही. आपली मेव्हणी मागून ओरडत होती, "सोडू नका हं, हप्ते फिटायचेत त्याचे!"

आता बाबा. आपल्याला ठाऊक आहे की जन्मभर मालगाडी हाकलेला हा माणूस निवृत्त झाल्यापासून बोलायचाच बंद झाला आहे. आमच्याकडेही ते मोरी आणि स्वयंपाकघर यांमधल्या बोळातल्या खुर्चीवर बसून असत, आणि किती वाजले एवढंच विचारत. वेळ सांगितली की मान हलवत, जणू कुठलीतरी गाडी उशिरा येते आहे आणि त्यात आमचीच चूक आहे. तर त्या दिवशी मी यंत्रासकट त्यांच्यासमोरून थरथरत गेलो. ते उठले, मला दंडाला धरून बाजूला केलं, खुर्चीवरची उशी यंत्राच्या झाकणावर ठेवली आणि वर बसले. यंत्र त्यांच्या वजनानं जरा वरमलं, पण थांबलं नाही. बाबांना घेऊन ते स्वयंपाकघरापर्यंत गेलं आणि वायर संपली तिथे उभं राहिलं. बाबा खाली उतरून म्हणाले, "वायर लांब आणा. आणि माल भरा."

त्या दिवसापासून आमच्या घरात रेल्वे आहे. मोरी ते स्वयंपाकघर ही मुख्य लाइन. गाडी सुटण्याआधी आपली मेव्हणी हिरवा टॉवेल दाखवते. लाल टॉवेल असेल तेव्हा बोळात पाय टाकायचा नाही. मी एकदा संडासातून बाहेर पडलो तो सिग्नल न पाहता, तर शाळेत मी मुलांना बोललो नसेन इतकं बाबांकडून ऐकून घ्यावं लागलं. एकदा मला जरा बसू द्या म्हणालो. (कमरेला मालिश केल्यासारखं वाटेल असा माझा अंदाज.) बाबांनी वरून खाली पाहिलं आणि ही प्रवासी गाडी नाही म्हणून सांगितलं. जेवताना ते आता घाटातल्या चढाच्या गोष्टी सांगतात, दुसऱ्यांदा भाजी मागतात. आणि झोप! इतकी वर्षं झोप का येत नव्हती तेही त्यांनीच सांगितलं. अंथरूण हलत नाही म्हणून.

बिल खरोखरच उतरलं, ते मान्य करायला हवं. पण गाडी म्हटली की माल हवा, आणि दोघा-तिघांचे कपडे ते किती? बाबांनी आधी पडदे भिजवले. मग कपाटातले धुतलेले, इस्त्री केलेले कपडे भिजवले. माझा शाळेचा कोट एका आठवड्यात इतक्या वेळा ओला होऊन वाळला की त्याच्या बाह्या आता कोपरापाशी संपतात. मग त्यांनी शेजारपाजारी जाऊन ओले कपडे मागायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई सगळे गणवेश पाठवू लागल्या. मी शाळेतून आलो की बोळात लोकांच्या बादल्या रांगेनं उभ्या आणि बाबा प्रत्येकीवर खडूनं खुणा करताहेत. विजेचं वाचलेलं सगळं पाण्याच्या बिलात वाहून गेलं.

शेवटी खालच्या मजल्यावरचे घड्याळजी वर आले. त्यांच्या भिंतीवरची घड्याळं प्रत्येक गाडीला पुढे पळायची. दुरुस्तीला आलेलं घड्याळ आणखी बिघडून परत जातं, माझा धंदा बुडतो, असं म्हणताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हात जोडून त्यांना बसवलं. चहासाठी चमचा काढायला खण उघडला तर आपल्या मेव्हणीच्या हाताला तो रबरी पाय लागला. तिनं पाय पाहिला, यंत्राखाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. यंत्राला चार पाय असतात, साडूभाऊ. आमचं तिनावर धावत होतं.

मी लगेच पाय बसवला आणि पुन्हा निघू नये म्हणून मोचीकडचा गोंदही लावला. यंत्र जागच्या जागी गुणगुणायला लागलं. बाबा उशी ठेवून बसले. पाणी परातीत पडलं, कपडे झाले, यंत्र थांबलं. बाबा तसेच थोडा वेळ बसून राहिले, मग उतरले, उशी उचलली आणि खुर्चीवर जाऊन बसले. तेव्हापासून किती वाजले एवढंच विचारतात. घड्याळजींची घड्याळं बरोबर आहेत, दोन्ही बिलं ताब्यात आहेत, घर शांत आहे. तेव्हा रविवारी अवश्य यावं. बाबांचा आता कसलाही त्रास नाही.

ताईंना नमस्कार. दोन्ही घरांच्या मीटरांना उत्तम आरोग्य लाभो.

आपला,
धाकटा साडू

ता. क. बाबांना न्यायची इतकी घाई आहे का, याचा एकदा विचार व्हावा. आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे, त्यावर कुठलंही यंत्र चालत फार लांब जाणार नाही.

ता. क. २. स्पष्टच लिहितो. मला ते खुर्चीवर बसलेले बघवत नाहीत. काल त्यांनी वेळ विचारली आणि मला रडू आलं. वर्गात मुलांना नद्या शिकवतानाही तेच डोळ्यांसमोर येतं. त्यांना नेऊ नका. घड्याळजींशी मी बोललो आहे, गाडीची वेळ आधी कळवली तर ते तेवढ्यापुरती घड्याळं भिंतीवरून उतरवून मांडीवर घेऊन बसतील. अडचण एकच, मी लावलेला गोंद. पाय काही केल्या निघत नाही. तरी रविवारी येताना आपली दाढ उपटायची पकड आणावी. पाय उपटून द्यावा आणि जेवून एकट्यानं परत जावं, ही हात जोडून विनंती.

ता. क. ३. (अक्षर वेगळं आहे.) पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पकड नको. पाय मी विळीवर कापला. जावई शाळेतून येईल तेव्हा त्याला बोळात कळेल. भूगोल शिकवतो, पण माणूस बरा आहे. मी इथेच राहणार. रविवारी तुम्ही दोघं जरूर या, आणि येताना घरातले ओले कपडे घेऊन या. रिकामी गाडी मी सोडत नाही.